आमच्या सासूबाई आणि लंडनचा राजवाडा

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला निळा पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा आहे. बहुतेक घरांत असतो तसाच, फक्त यात सुईदोरा नाही. यात लंडनचं राजघराणं आहे. सगळ्यात तळाला 1981 चं डायनाच्या लग्नाचं कात्रण. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, मागच्या बाजूला प्रेशर कुकरची अर्धी जाहिरात. त्यावर 1997 चं अख्खं पान, मग 2011 चं केट-विल्यमचं लग्न, आणि वर अलीकडची रंगीत पानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तारीख, अक्षर अगदी फळ्यावरचं. सासूबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय 67. इंग्लंड सोडाच, अजून विमानात बसलेल्या नाहीत.

19 सप्टेंबर 2022 ला राणीची अंत्ययात्रा होती. आपल्याकडे दुपारचे साडेतीन. त्या दिवशी सकाळीच सगळा स्वयंपाक उरकून ओटा पुसून मोकळ्या. 6 मे 2023 ला चार्ल्सचा राज्याभिषेक, पुन्हा साडेतीन. समालोचनाचा आवाज बंद, कारण समालोचन त्या स्वतः करत होत्या. "ती बघ अ‍ॅन, गाडीमागं घोड्यावर. त्या घरात कामाची तीच एक. हॅरीला बघ कुठं बसवलंय, तिसऱ्या रांगेत! आणि आत्याच्या टोपीचा तुरा नेमका त्याच्या तोंडासमोर. वेगळं बिऱ्हाड केलं ना, मग असंच होतं."

2024 च्या फेब्रुवारीत चार्ल्सच्या कॅन्सरची बातमी आली तेव्हा नुसत्या "अगंबाई" म्हणाल्या. मार्चमध्ये केटची आली आणि बाईंच्या घशाखाली घास उतरेना. "पोरं लहान आहेत गं तिची."

नवरा म्हणतो, आईचा छंद आहे, सोडून दे. पण मला खरंच कळत नाही. ज्यांच्याशी ना नातं ना गोतं, त्यांच्या घरात कोणाला काय दुखतंखुपतं याची इतकी काळजी का? बरं, या एकट्या नाहीत. जगभर अशी माणसं आहेत. टिंगल नको, समजून घ्यायचंय. तुमच्याकडे आहे का असं कोणी?


तिरकस

समजून घ्यायला काय आहे त्यात? दीडशे वर्षं मानगुटीवर बसले, उतरल्यावरही आपण मान चोळत त्यांच्याच आठवणी काढतोय.

ज्या गावात 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या गावात राणीच्या मयतीसाठी सकाळीच ओटा पुसून मोकळं व्हायचं? कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघं 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे तेव्हा 18 वर्षांचे. आणि 22 जून 1897 ला पुण्यात चाफेकरांनी रँडला गाठलं ते तो कुठून परतत असताना? व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीहून. एकीकडे प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसायचं आणि दुसरीकडे राणीसाठी रोषणाई.

काकूंबद्दल वैयक्तिक काही नाही. पण याला छंद म्हणू नका.


चहा_बिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर, म्हणजे रणांगण, व्हायला फार वेळ लागणार नाही.


दूरदेशी नाशिककर

गोदाताई, मी सप्टेंबर 2022 मध्ये राणीच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा होतो. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना सोबत हवी होती आणि मला कुतूहल होतं, एवढंच. तिरकसरावांनी पुढचं दात-ओठ न खाता वाचावं ही विनंती.

शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये 14 तारखेच्या संध्याकाळपासून 19 च्या पहाटेपर्यंत होती. तेवढ्यात अडीच लाखांच्या आसपास माणसं समोरून गेली. रांग थेम्सच्या दक्षिण काठानं साउथवर्क पार्कपर्यंत. कुठवर आली, किती तास लागतील, हे सरकार यूट्यूबवर सतत सांगत होतं, मधेच "आता भरली, येऊ नका" म्हणून बंद करत होतं. एका टप्प्यावर तर 24 तासांचा अंदाज दिला होता, तरी माणसं येतच होती. डेव्हिड बेकहॅमसुद्धा 12-13 तास उभा राहून आत गेला, वशिला न लावता.

हातात कागदी पट्टा बांधतात, त्यावर नंबर. तो बांधला की जरा बाजूला जाऊन चहा घेऊन परत आपल्या जागी येता येतं. माझ्या पुढे घानाची एक नर्स होती, मागे वेल्सहून आलेलं म्हातारं जोडपं. रात्री नदीवरून असा गार वारा यायला लागला की म्हाताऱ्यानं स्वतःचा मफलर काढून नर्सला दिला. पहाटेपर्यंत मला त्या नर्सच्या धाकट्या भावाच्या घटस्फोटाची पूर्ण हकिगत माहीत झाली होती. शेवटी विमानतळासारखी तपासणी. खाणंपिणं आत न्यायचं नाही. त्यामुळे तिथं सँडविच, पाण्याच्या बाटल्या, क्रीमच्या ट्यूब यांचा हा ढीग!

आत गेलं की एकदम शांतता. जमिनीवर गालिचा, पावलं वाजत नाहीत. उंचावर पेटी, तिच्यावर मुकुट. चारही बाजूंना माना खाली घातलेले पहारेकरी. दर 20 मिनिटांनी काठी आपटल्याचा आवाज येतो आणि पहारा बदलतो. तुमच्या वाट्याला येतात दोन-तीन सेकंद. कोणी गुडघ्यात वाकतं, कोणी क्रॉस करतं. मी हात जोडले. वाकलो नाही, तिरकसराव, नोंद घ्यावी.

आता मुद्दा. बाहेर पडल्यावर राणीबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं. एकमेकांचे नंबर घेत होते. ते म्हातारं जोडपं आणि नर्स तर गळ्यात पडून रडले. रांगेतलं रडू आत सांडलं नाही, बाहेर सांडलं. वारीला जाऊन आलेल्या माणसाला विचारा काय मिळालं. विठोबाच्या आधी तो दिंडीतल्या माणसांची नावं घेतो, तसंच काहीसं.

राजवाड्यासमोर तंबू ठोकून राहणारे पट्टीचे भक्त वेगळे. 2013 च्या जुलैमध्ये जॉर्जच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलच्या दाराशी दिवसेंदिवस बसले होते, अंगात झेंड्याच्या कापडाचा सूट. त्यांचंही तेच आहे. ती मंडळी एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. कोणाचा गुडघा दुखतोय, कोण यंदा आलं नाही, सगळी खबरबात असते. राजा निमित्तमात्र. भेटायचं असतं एकमेकांना.


चहा_बिस्कीट

अवांतर: आपले डबेवाले विसरू नका. 2003 ला चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटला आणि 2005 च्या लग्नाला दोन डबेवाल्यांना चक्क आमंत्रण. गेलेही. कमिलाबाईंना साडी घेऊन. लग्नाला जाताना आहेर हवा, मग नवरदेव इंग्लंडचा युवराज का असेना.


प्रेसवाल्याचा नातू

धागा वाचून आजोबांची आठवण झाली. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. बाहेरच्यांसाठी खुलासा: नाशिकरोडला "प्रेस" म्हणजे नोटा आणि तिकिटं छापणारी. वर्तमानपत्राची नव्हे.

त्याआधी आपली टपाल तिकिटं आणि नोटा छापून यायच्या इंग्लंडहून. 1925 च्या सुमारास तिकिटांचं काम नाशिकरोडला आलं, 1928 ला नोटांचं. इथं छापलेली पहिली नोट 5 रुपयांची, त्यावर पाचवा जॉर्ज. 1935 ला त्याच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली, त्याची खास तिकिटं निघाली तीही इथंच. एका बाजूला राजाचं तोंड आणि शेजारी गेट वे ऑफ इंडिया, ताजमहाल वगैरे. 1938 पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सहावा जॉर्ज. म्हणजे सुमारे वीस वर्षं या देशातल्या माणसाच्या खिशात जो राजा होता, तो येत होता आपल्या नाशिकरोडहून.

आजोबा म्हणायचे, राजाचं कौतुक बाहेरच्यांना. आम्हाला राजा म्हणजे मोजणी. एक कागद कमी भरला तर सगळी पाळी गेटच्या आत अडकायची. छपाईत राजाच्या नाकावर शाईचा ठिपका पडला तर तो राजा रद्द, आणि रद्द कागदाचाही हिशोब द्यायचा. घरी आजीला सांगायचे, "आज पन्नास राजे बाद केले."

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आलाच. आधी गांधीजींचं चित्र घ्यायचं ठरत होतं, नमुनेही तयार झाले होते, पण शेवटी सारनाथचे सिंह आले. 1949 च्या एक रुपयाच्या नोटेपासून. माणसाचा चेहराच काढून टाकला, हे मला आजही फार शहाणपणाचं वाटतं. गांधीजी नोटांच्या अख्ख्या मालिकेवर आले ते 1996 ला.

तिकडे 5 जून 2024 ला चार्ल्सच्या नोटा चलनात आल्या तेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या बाहेर लोक कोऱ्या नोटेसाठी रांगेत. आजोबा असते तर म्हणाले असते, नाकावर ठिपका बघून घ्या.


जुनी_नाणी

तिरकस, एक विचारू का? दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात तुमच्याकडे काय असतं?

उत्तर मला माहीत आहे. राणीछाप रुपया. नाशिकच्या जुन्या घरांमध्ये शंभरातल्या नव्वद देव्हाऱ्यांत तो निघेल. हळदकुंकू लावून लावून राणीचं नाक झिजलेलं. 1876 पर्यंतच्या नाण्यावर "व्हिक्टोरिया क्वीन", 1877 पासून "व्हिक्टोरिया एम्प्रेस". वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. सराफ बाजारात हल्ली राणीछाप म्हणून जे विकतात त्यातलं बरंच नवीन पाडलेलं असतं. खरा रुपया फरशीवर टाकला की लांबट, गोड वाजतो. खोटा बद्द वाजतो. कडेच्या रेघा आणि राणीच्या गळ्यातली माळ भिंगाखाली बघा, खोट्यात ती माळ गुळगुळीत असते. नाण्यांची आवड असेल त्यांनी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत एकदा जाऊन यावं, त्र्यंबक रस्त्यावरच आहे.

आणि कोहिनूर-कोहिनूर करणाऱ्यांसाठी: आपला स्वतःचा हिरा आहे. जगभर त्याला "नाशिकचा हिरा" याच नावानं ओळखतात. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला. 1818 ला दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीकडे गेला, लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले. 1837 ला वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं तो विकत घेऊन स्वतःच्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढं 1940 मध्ये अमेरिकेतल्या हॅरी विन्स्टननं पुन्हा कापला, आता 43.38 कॅरेट उरलाय. मूळचा जवळपास दुप्पट होता. राज्याभिषेकाला कमिलाबाईंनी कोहिनूर टाळून मेरी राणीचा मुकुट घातला याची आपल्याकडे केवढी चर्चा झाली! महादेवाच्या हिऱ्याचं नाव खुद्द नाशकात किती जणांना माहीत आहे?


तिरकस

हो, आहे आमच्याकडे राणीछाप. चांदी म्हणून आहे. राणी म्हणून नाही.


चहा_बिस्कीट

हळदकुंकू चांदीला लावता की नाकाला?


कसमादेचा

राजांचंच वेड असेल तर इतक्या लांब कशाला जाता? मालेगाव तालुक्यात आमचं कवळाणे आहे. 11 मार्च 1863 ला तिथं गोपाळ काशीराव गायकवाड नावाचा शेतकऱ्याचा पोरगा जन्मला. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक हवा होता. नात्यातली पोरं शोधत माणसं कवळाण्यापर्यंत आली. पोरांना विचारलं, तुम्हाला इथं कशासाठी आणलंय? बाकीचे गप्प. गोपाळ म्हणाला, राज्य करायला. ही गोष्ट आमच्याकडे अंगणवाडीतल्या पोरालासुद्धा पाठ असते. खरी-खोटी देव जाणे, पण 27 मे 1875 ला तो पोरगा सयाजीराव झाला हे मात्र खरं.

आणि पुढं काय केलं बघा. 1906 ला अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. 1913 ला डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. 1911 चा दिल्ली दरबार, 12 डिसेंबर, सगळे संस्थानिक अंगभर हिरे लादून आलेले. पाचव्या जॉर्जला मुजरा करून, पाठ न दाखवता मागे सरकत जायचं असा नियम. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात आले, एकदाच थोडं वाकले आणि वळून चालायला लागले. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत नुसता जाळ. दरबाराचं चित्रीकरण झालं होतं, त्यामुळे लंडनच्या थिएटरात लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं. नंतर महाराजांनी व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्र लिहिलं, हेही सांगायला हवं. आमची माणसं ते गाळतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. राज्य टिकवायचं होतं, शाळा चालवायच्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच की वेड लावून घ्यायचं तर कामाच्या राजाचं घ्यावं. टोपीचा तुरा कोणाच्या तोंडासमोर आला, यात काय ठेवलंय?


गोदाकाठची

कसमादेचा दादा, मुद्दा पटतोय, पण सयाजीरावांसाठी कवळाण्यात रात्रभर रांग लागते का? नाही ना? कामाच्या राजाबद्दल आदर असतो. मी विचारतेय ते वेडाबद्दल. ते बिनकामाच्या राजालाच का मिळतं?


हिशेबनीस

कारण त्याच्या हातात काही नसतं. ज्याच्या सहीनं तुमची जमीन जाते त्याच्या बारशाला तुम्ही हौसेनं जाल का?

बाकी फुकट नाही हं ते. इंग्लंडच्या राजघराण्याचं सरकारी अनुदान काही वर्षं 8 कोटी 63 लाख पौंड होतं, 2025-26 साठी 13 कोटी 21 लाख. राज्याभिषेकाचा सरकारी खर्च 7 कोटी 20 लाख पौंड. आपण 1971 ला 26 वी घटनादुरुस्ती करून संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या दोन्ही बंद केल्या. सुरगाणा, जव्हार ही आपल्या शेजारची संस्थानं तर 1948 लाच विलीन झाली. तरी जव्हारच्या जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढायला रविवारी गाड्यांची रांग असतेच.


सातपूर_सेकंड_शिफ्ट

आमच्या कंपनीच्या गेटवर नेपाळचे एक दाजू आहेत. पाकिटात बायकोच्या फोटोमागं राजा वीरेंद्रचा फोटो. 1 जून 2001 ला राजवाड्यात गोळीबार होऊन राजा, राणी, सगळं घर गेलं, तेव्हा गावात अनेकांनी मुंडण केलं होतं म्हणे. गादीवर आला भाऊ ज्ञानेंद्र. 2005 ला त्यानं सगळी सत्ता हातात घेतली, वर्षभरात लोक रस्त्यावर, 2008 ला राजेशाहीच खालसा. आणि 9 मार्च 2025 ला त्याच ज्ञानेंद्रच्या स्वागताला काठमांडूच्या विमानतळावर हजारो माणसं, "राजा परत या" म्हणत! दाजूंना विचारलं तुम्ही गेला असता का? म्हणाले, वीरेंद्रसाठी गेलो असतो, याच्यासाठी नाही.

हिशेबनीस म्हणतायत ते इथं बरोबर बसतं. हातात सत्ता होती तेव्हा नकोसा. ती गेली, आता हार घेऊन उभे.


पंचवटीकर

इतक्या प्रतिसादांत सिंहस्थाचं नाव कोणी काढलं नाही, नाशिककर म्हणवता?

आखाड्यांच्या मिरवणुका बघितल्यात ना? छत्र, चामर, अब्दागिरी, घोडे, चांदीचे रथ. संन्याशाला कशाला हवं हे सगळं, असा प्रश्न दर बारा वर्षांनी पडतो आणि दर बारा वर्षांनी आम्ही पंचवटीकर मध्यरात्रीपासून गच्च्या धरून बसतो. कारण डोळ्यांना तो थाट हवा असतो. कोणीतरी उंच बसलंय, चालतंय, आपण खालून बघतोय.

पण रांगेचे एवढे गोडवे गाऊ नका, दूरदेशी. 27 ऑगस्ट 2003 ला शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, 39 जण गेले. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली, ती उचलायला माणसं वाकली, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मी त्या दिवशी गल्लीच्या या टोकाला होतो. चपलांचा खच आठवतो. तुमच्या लंडनच्या गर्दीला कागदी पट्टा होता, यूट्यूब होतं, मधेच "येऊ नका" म्हणून सांगणारं कोणीतरी होतं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, कारण एकमेकांच्या अंगावर पडली नाहीत. 2027 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पर्वणी आहे. तेव्हा थाट कमी असला तरी चालेल, रस्ता मोकळा पाहिजे.


दूरदेशी नाशिककर

पंचवटीकर, मान्य. त्या रांगेमागं हजारभर स्वयंसेवक आणि पोलीस होते, ते मी लिहायला हवं होतं. श्रद्धेनं रांग सरळ राहत नाही.


शिवभक्त_रामशेज

2023 ला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात रायगडावर शिवराज्याभिषेकाचं 350 वं वर्ष होतं. आम्ही नाशिकहून रात्रीतून गेलो. तिथं सिंहासनावर कोणी बसलेलं नसतं, मेघडंबरीत मूर्ती असते, आणि तरी लाखो माणूस चढून येतो. जिवंत राजा लागतो कुठं? महाराजांना या धाग्यात लंडनच्या पंगतीला बसवू नये एवढीच विनंती.


चहा_बिस्कीट

बसवलं नाही कोणी, दादा. शांत व्हा, काश्मीर टळलंय आत्ताच.


गोदाकाठची

सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. आधी हसल्या, मग तिरकस यांचा वाचल्यावर गप्प. आता म्हणतायत, मोबाइल इकडे दे. पुढचा प्रतिसाद त्यांचा आहे, मी फक्त शुद्धलेखन तपासणार होते, तर माझ्याच चुका काढल्या.


गोदाकाठची (लिहिणार: सासूबाई)

सर्वांना नमस्कार.

तिरकस, चौथीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं चाफेकर आणि कान्हेरे शिकवले आहेत. विजयानंदची जागा दाखवायला मुलांना रांगेनं नेत असे. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं तेव्हा आपल्या दख्खनमध्ये माणसं दुष्काळात मरत होती, हेही सांगत असे. त्यामुळे तेवढं मला शिकवू नका.

माझं लग्न 1981 च्या मे महिन्यात झालं. सिन्नरहून जुन्या नाशकात, तांबट लेनमधल्या वाड्यात आले. घरात दहा माणसं. वर्तमानपत्र आधी मामंजी वाचणार, मग दीर, मग शेजारी नेणार, संध्याकाळी माझ्या हाती यायचं ते भाजी निवडायला. जुलै संपता संपता त्यात तो फोटो आला. वीस वर्षांची पोर, तिच्या झग्याचा मागचा घोळ 25 फूट लांब, आणि नवरा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. भाजी दुसऱ्या कागदावर निवडली आणि तो कापून ट्रंकेत ठेवला. त्या घरात माझी म्हणावी अशी ती पहिली वस्तू.

1982 च्या जूनमध्ये तिला विल्यम झाला, ऑगस्टमध्ये मला हा झाला. 1992 च्या फेब्रुवारीत ती ताजमहालासमोर बाकावर एकटी बसली होती. फोटो बघून ह्यांना म्हटलं, बाईचं बरं चाललेलं नाही. हे म्हणाले, तुला काय कळतं? डिसेंबरात ते वेगळे झाले. बाईला कळतं. 1997 ला ती गेली, तेव्हा मी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत रडले. कोणी विचारलं तर काय सांगणार? डोळ्यात चुन्याची फक्की गेली म्हणाले.

दूरदेशी म्हणतात, राजा निमित्तमात्र, सोबत माणसांची. तुम्हाला रांगेत घानाची नर्स मिळाली. मला त्या वाड्यात बोलायला कोणी नव्हतं. एलिझाबेथबाईंचं मला फार काही वाटलं नाही, कर्तव्य म्हणून अंत्ययात्रा बघितली. सासू गेल्यावर वाटतं तितपतच. मी त्या घराच्या सुनांच्या बाजूची आहे. केटचीसुद्धा, आणि मेगनचीसुद्धा, जरी आमच्या घरात हे कोणाला पटत नाही.

हिशेबनीस, खर्चाचं बरोबर आहे. मी इंग्लंडची करदाती असते तर ओरडले असते. नाही, म्हणून फुकट बघते.

कसमादेचा, सयाजीरावांवर माझा स्वतंत्र डबा नाही, पण कवळाण्याला यायचं आहे. जेवायला काय करणार ते आधी कळवा, मला तिखट चालत नाही.

आणि तिरकस, तुमच्या देव्हाऱ्यातला तो रुपया नीट बघा. "क्वीन" आहे की "एम्प्रेस", आणि साल कोणतं? जुनी_नाणी यांनी लिहिल्यापासून मला तेच कुतूहल लागून राहिलं आहे.


तिरकस

एम्प्रेस. 1884. जरा घासून बघावं म्हटलं तर आईनं हातातून काढून घेतला.